काठाची बाजू

अमेरिकेत ओहायो, इंडियाना, इलिनॉय या चुनखडीच्या पट्ट्यात बंद पडलेल्या दगडखाणींना तोटा नाही. पंप थांबला की भूजल वर येतं आणि खाणीचं तळं होतं. पुढे कुणीतरी त्यात बास आणि ब्लूगिल हे मासे सोडतं. या तळ्यांबद्दल गळाने मासे धरणाऱ्यांमध्ये एक मत घट्ट ठाण मांडून बसलं आहे. पाणी खोल आणि निवळशंख असलं की बास तळाशी जातो, काठावरून तो मिळत नाही, आणि मिळवायचाच तर नाव आणि मासे शोधणारं सोनार यंत्र हवं, असं ते मत. हे ऐकून आलेला नवखा माणूस खाणीच्या कडेला उभा राहतो, तंगूसाला जड शिसं बांधतो आणि अंगातलं सगळं बळ लावून गळ मध्यभागी फेकतो. संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो आणि तेच मत पुढच्याला सांगतो. मत असं स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत राहतं.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. अशा खाणीत वर्षातले निदान सहा महिने खोल पाणी बासच्या कामाचं नसतं. त्याचा सगळा संसार भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात चालतो, आणि त्या पट्ट्यात गळ टाकायला काठाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तो दुबळा करून खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. त्याचे आधार चार. पहिला, खोल पाणी थंड आणि निर्धास्त, म्हणून मोठा मासा तिथेच राहणार. दुसरा, नितळ पाण्यात माशाला माणूस दिसतो, तंगूसही दिसतो. तिसरा, खाणीचा काठ म्हणजे उघडा कातळ. तिथे ना पाणवनस्पती ना चिखल, मग मासा काठाला येईल कशाला? चौथा आधार डायव्हरांच्या साक्षीचा. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमजवळची डच स्प्रिंग्ज ही जुनी चुनखडीची खाण सुमारे १०० फूट खोल. तिथे डायव्हरांसाठी स्कूल बस, आगीचा बंब अशा वस्तू बुडवून ठेवल्या होत्या. काठापासून दूर बुडवलेल्या अशा वस्तूंभोवती मासे जमतात, हे खाणीत उतरणारा कुठलाही डायव्हर सांगेल.

पहिल्या आधारापासून सुरुवात करू, कारण बाकीचे त्याच्याच भरवशावर उभे आहेत. खाण आणि नैसर्गिक तळं यांत मोठा फरक आकाराचा आहे. सरोवरशास्त्रज्ञ जी. इव्हलिन हचिन्सन यांच्या १९५७ सालच्या ग्रंथात ‘सापेक्ष खोली’ हे माप आहे: तळ्याची कमाल खोली त्याच्या सरासरी व्यासाच्या किती टक्के आहे. बहुतेक नैसर्गिक तळ्यांत ती २ टक्क्यांहून कमी भरते. आता २ हेक्टर पसरलेली आणि २५ मीटर खोल अशी बेताची खाण घ्या. तिचा सरासरी व्यास सुमारे १६० मीटर, म्हणजे सापेक्ष खोली १५ टक्क्यांच्या वर. आकाराने ती तळ्यापेक्षा विहिरीच्या जवळची. भोवती उंच भिंती असल्याने वारा फारसा लागत नाही, आणि वाऱ्यावाचून पाणी ढवळलं जात नाही.

याचा परिणाम उन्हाळ्यात दिसतो. वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर पडून राहतं. दोहोंच्या मधल्या थरात तापमान झपाट्याने उतरतं. विस्कॉन्सिनचे एडवर्ड बर्ज यांनी त्या थराची खूण ठरवून दिली: मीटरमागे १ अंश सेल्सिअस किंवा अधिक घट. हा थर तयार झाला की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून पडणारी पानं, मेलेलं शेवाळ खाली कुजत राहतं आणि तिथला प्राणवायू संपवत जातं. बर्ज आणि चॉन्सी ज्युडे यांनी विस्कॉन्सिनच्या तळ्यांतल्या विरघळलेल्या वायूंचा अभ्यास १९११ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट वादाची उरलेली नाही. खोल, आडोशाच्या काही खाणींत तर तळाचं पाणी वर्षानुवर्षं वर येतच नाही. लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू असलेल्या पाण्यात बास सहसा थांबत नाही. ‘निर्धास्त’ तळाशी त्याचा जीव गुदमरेल, मग तो तिथे लपणार कसा?

यावर जाणकार प्रतिपक्षी एक चांगली शंका काढेल. पाणी निवळशंख असेल तर उजेड खोल जातो. उजेड गेला की सूक्ष्म शेवाळ खोलवर प्राणवायू तयार करतं. शंका रास्त आहे. पाण्याची नितळता मोजायची तबकडी इटलीचे अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरली. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी वापरतात. ती जिथे दिसेनाशी होते त्याच्या दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत प्रकाशसंश्लेषण चालू शकतं. म्हणजे तबकडी ६ मीटरवर दिसेनाशी झाली तर १२ मीटरवरही प्राणवायू सापडू शकतो. हे मान्य. पण नुसता प्राणवायू असून भागत नाही. लार्जमाउथ बासला मानवतं २७ अंशांच्या आसपासचं पाणी. त्या खोलीवर ते १० अंशांच्या आगेमागे असतं. असं गार आणि प्राणवायू असलेलं पाणी ट्राउटच्या सोयीचं, म्हणून मिनेसोटातल्या काही खाणतळ्यांत ट्राउट सोडतात. बास तिथे जाऊ शकतो, पण त्याचं पोट तिथे भरत नाही.

पोट कुठे भरतं, हा तिसऱ्या आधाराचा प्रश्न. खाणीचं पाणी गरीब असतं, यात शंका नाही. चुनखडीच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण खाली बसतात आणि जाताना फॉस्फरस सोबत नेतात. शेवाळाला खत उरत नाही, म्हणूनच पाणी नितळ राहतं. एकरी मासे कमी असणार, हे प्रतिपक्षाचं म्हणणं खरं. पण आहे ते अन्न कुठे आहे? खडी फोडण्याची खाण सुरुंगाने टप्प्याटप्प्याने उतरवतात. प्रत्येक टप्प्याला एक सपाट पायरी राहते आणि डंपर उतरायचा एक उतार राहतो. इंडियानातल्या बेडफर्ड-ब्लूमिंग्टन भागात, जिथला दगड १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागला, खाणी चिरे कापून काढलेल्या आहेत. तिथे भिंती सरळ आणि टाकाऊ चिऱ्यांचे ढीग काठाला. पाणी चढलं की वरची पायरी, उताराचं तोंड आणि ढिगाचा पायथा उथळ पाण्याखाली जातो. दगडांच्या फटीत क्रेफिश राहतात, काठावरून कोसळलेल्या झाडाच्या फांद्यांत ब्लूगिलची पिल्लं लपतात. उघडा कातळ दिसतो तो पाण्याच्या वर. पाण्याखाली, हातभर अंतरावर, खाणीतलं जवळजवळ सगळं स्वयंपाकघर आहे.

वर घेतलेल्या खाणीचाच हिशेब पुढे नेऊ. काठापासून ५ मीटर रुंदीचा पट्टा सगळीकडून मोजला तर तो एकूण पृष्ठभागाचा सुमारे आठवा हिस्सा भरतो. बास त्या हिश्श्यात असेल, तर मध्यभागी गळ फेकणारा माणूस सात हिस्से रिकामं पाणी धुंडाळतो आहे. नावेतला माणूस तरी काय करतो? खोल डोहावर तरंगत तो काठाकडेच गळ टाकतो. त्याने आमिष २० मीटर ओढलं तर त्यातले पहिले ५ मीटर कामाचे. उरलेले १५ डोहावरून. काठावरच्या माणसाने भिंतीला समांतर गळ टाकला तर वीसच्या वीस मीटर पट्ट्यातून जातात. चौपट फायदा, तोही नावेशिवाय.

दुसरा आधार नितळ पाण्याचा. मासा माणसाला पाहतो, हे कोण नाकारेल? पण तो कसा पाहतो, हे विचारलं की उत्तर काठाच्या बाजूने वळतं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आवळलेलं दिसतं. त्या वर्तुळाच्या कडेला, म्हणजे क्षितिजालगत, जे असतं ते चेपलेलं आणि अंधूक. पाण्यापासून २ मीटर उंच कड्यावर माणूस ताठ उभा राहिला तर ६ मीटरवरच्या माशाच्या दृष्टीने तो क्षितिजाच्या ३० अंश वर येतो, लपणं अशक्य. तोच माणूस उताराच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीला बसला आणि मासा १० मीटरवर असला, तर तो जेमतेम ६ अंशांत मावतो. कड्यावरच राहायचं तर कडेपासून दोन पावलं मागे सरकावं. भिंतीलगतच्या माशाला कडेमागचं काही दिसत नाही. नावेला असा आडोसा नाही. तिचा तळ उजेडावर काळा उमटतो.

शिवाय बास नजरेने शिकार करतो. गढूळ पाण्यात आमिष त्याच्या नाकासमोरून न्यावं लागतं. नितळ पाण्यात तो ते लांबून हेरतो. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या, त्यामुळे दुकानातल्या निळ्या-काळ्या छटांचा फरक गिऱ्हाइकाला जितका कळतो तितका त्याला कळत नाही. बारीक तंगूस, मातकट रंगाचा मऊ रबरी किडा आणि सावली एवढं पुरतं. सावलीची वेळ ठरलेली: सकाळी पूर्वेची भिंत आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंत आपल्या पायथ्याचं पाणी झाकते. त्या पाण्यात, भिंतीला समांतर, वजन न बांधलेला किडा टाकावा आणि तो आपल्या गतीने खाली जाऊ द्यावा. रील फिरवायची घाई नको. नजर तंगूस पाण्यात शिरतो त्या बिंदूवर. मासा लागला की हाताला धक्का बसेलच असं नाही. सैल तंगूस आपला आपण बाजूला सरकतो. पुष्कळदा एवढीच खूण.

आता डायव्हरांची साक्ष. ती मला अडचणीची वाटत नाही, उलट तिची उलटतपासणी घेण्याजोगी आहे. मधल्या पाण्यात तरंगणारे बास असतात, खासकरून भर उन्हाळ्यात. पण ते गरम आणि गार पाण्याच्या सीमेच्या वरच्या बाजूला राहतात; तळाशी नव्हे. आणि ते माणसाने बुडवलेल्या बसभोवती जमत असतील तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की माशाला आडोसा हवा. जिथे कुणी बस बुडवलेली नाही, तिथे आडोसा फक्त काठाला आहे.

प्रतिपक्षाला एक ऋतू मात्र द्यायला हवा. थंडीत वरचं पाणी ४ अंशांकडे आलं की बास मंदावतो आणि आठ-दहा मीटरवरच्या पायरीवर उतरतो. तेव्हा सोनारवाली नाव सरस. तरीही सरळ भिंतीच्या खाणीत ती पायरी काठापासून काही पावलांवरच असते. शिवाय खोलवरून झटकन वर ओढलेल्या बासचा वायुकोश फुगतो. त्याला सोडून दिलं तरी तो जगेल याची खात्री नाही. धरून सोडणाऱ्यांनी खोल पाण्याचा हट्ट धरण्यापूर्वी याचा विचार करावा.

हा युक्तिवाद बासपुरता आहे, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या पाणी भरलेल्या दगडखाणींना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. आपली मरळ पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेते. विरघळलेल्या प्राणवायूचा हिशेब तिला लागू नाही.

ज्यांना खाणीच्या काठावरून बास धरायचा आहे त्यांनी आधी मालकाची परवानगी घ्यावी, कारण यांतल्या पुष्कळ खाणी खाजगी आहेत, आणि सुटणाऱ्या कडांपासून लांब राहावं. वसंतात पाणी १५ ते १८ अंशांवर आलं की उथळ खडीवर ताटाएवढा खळगा आणि त्यावर शेपटी हलवत पहारा देणारा नर दिसेल. त्याला धरू नये. तो उचलला की ब्लूगिल अंडी फस्त करतात, आणि छोट्या खाणीत ती तूट भरून यायला वेळ लागतो. उरलेल्या दिवसांत थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा, गार पाणी कुठे सुरू होतं ते बघा, आणि त्याच्या वर, भिंतीलगत गळ टाका. खोल पाण्याला भुलणाऱ्यांनी नाव घेण्यापूर्वी एवढं एकदा करून पाहावं.