पांढऱ्या झग्याचा बाप कोण?

बॅले म्हटलं की जो पांढरा झगा डोळ्यांपुढे येतो, त्याची जन्मवेळ पक्की सांगतात. 12 मार्च 1832, पॅरिस ऑपेराचं ल पेलतिए रस्त्यावरचं नाट्यगृह, बॅले 'ला सिल्फीद', नर्तकी मारी ताल्योनी. अंगासरशी बसणारी चोळी, उघडे खांदे, कमरेपासून फुलत जाऊन पोटऱ्यांच्या खाली थांबणारा पांढरा घोळ, पाठीला इवलेसे पंख. पायांत मऊ सॅटिनच्या सपाता, त्यांना चवड्यांशी दोऱ्याचे दाट टाके घातलेले, कारण बोटांवर उभं राहायला आतून दुसरा आधार नव्हता. बापाच्या रकान्यातही एक नाव ठरून गेलंय: चित्रकार यूजेन लामी. माझा आक्षेप आहे तो या रकान्याला.

लामीनं त्या बॅलेचे कपडे काढले, यात वाद नाही. कथा स्कॉटलंडमधली. तिथल्या गावकऱ्यांसाठी त्यानं चौकटीच्या कापडाचे झकास पोशाख बेतले. पण खुद्द सिल्फीदच्या, म्हणजे त्या वायुकन्येच्या, झग्याचं त्याच्या हातचं चित्र अभ्यासकांना मिळालेलं नाही. शिवाय त्या झग्यात बेतण्यासारखं नवं होतं तरी काय? 1830च्या सुमारास पॅरिसची कुठलीही बाई मेजवानीच्या नाचाला याच घाटाचा पोशाख घालून जात होती. तेच उघडे खांदे, तीच आवळलेली कंबर, तोच फुगीर घोळ. त्या घोळाची उंची थोडी कमी केली आणि रंग काढून घेतला की सिल्फीद तयार. घाट नाचघरातला, तेव्हा लामीला त्याचं श्रेय देता येत नाही.

दुसरा पक्ष मलमलीचा. हा पक्ष आपल्याला जवळचा वाटावा असा, कारण युरोपला तलम पांढऱ्या कापडाचं वेड लावलं ते बंगालच्या मलमलीनं. मारी आंत्वानेत राणीचं साध्या मलमलीच्या झग्यातलं चित्र 1783 साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा राणी अंतर्वस्त्रांत बसलीय म्हणून ओरड झाली आणि चित्र उतरवावं लागलं. रंगमंचावर तर मलमल त्याच्याही आधी आलेली. नर्तकी मारी साले 1734 साली लंडनमध्ये 'पिग्मॅलियन'मध्ये नाचली ती मोकळ्या केसांनी, साध्या मलमलीच्या वस्त्रात. मलमलवाल्यांचा दावा इथवर बिनतोड आहे. पण साले नाचत होती ती जिवंत झालेल्या पुतळ्याची भूमिका. ते पांढरं संगमरवराचं, अंगाला चिकटून शरीर दाखवणारं. सिल्फीदचं पांढरं नेमकं उलट काम करतं: ते शरीर नाहीसं करतं. कापड तेच असेल, काम वेगळं आहे.

तिसरा पक्ष यंत्राचा. जॉन हीथकोटनं 1809 साली जाळीचं कापड विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 1816 साली यंत्रफोड्या कामगारांनी लाफबरोच्या कारखान्यातली त्याची पन्नासहून जास्त यंत्रं घणांनी फोडली. हाताला महिनोन्‌महिने लागणारी जाळी यंत्रानं स्वस्त केली, आणि थरावर थर चढवणं नाट्यगृहाच्या कपडेपटाला परवडू लागलं. हे सगळं कबूल. पण त्या झग्यांत जाळीइतकीच गॉझ होती आणि टार्लटनही होतं, म्हणजे मच्छरदाणीसारखं विरळ सुती कापड, खळ देऊन ताठ केलेलं. स्वस्त कापडानं झगा फुगतो. त्याचं भूत होत नाही.

भूत कुठून आलं, ते मला एका गायक नटाच्या भूमिकांची यादी चाळताना उमगलं. अदॉल्फ नूरी हा ऑपेराचा पहिल्या फळीचा गायक. मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल'मध्ये नायक रोबेर तोच. या ऑपेराचा पहिला प्रयोग नोव्हेंबर 1831 मधला. त्याच्या तिसऱ्या अंकात पडक्या मठातल्या थडग्यांतून पापी जोगिणी उठतात, अंगावर पांढरी वस्त्रं, आणि नायकाला भुलवण्यासाठी नाचतात. त्यांची म्होरकी ताल्योनी, नाच बसवलेला तिच्या वडिलांनी, फिलिपोंनी. नेपथ्यकार सिसेरीनं तो मठ गॅसच्या दिव्यांतून उतरवलेल्या चांदण्यात उभा केला होता. पॅरिस त्या दृश्यावर लुब्ध झालं. आणि चार महिन्यांच्या आत 'ला सिल्फीद' आलं. नाच फिलिपोंचा, नेपथ्य सिसेरीचं, नायिका ताल्योनी. संहिता कुणाची? नूरीची.

म्हणजे चांदण्यातल्या त्या पांढऱ्या बायकांच्या घोळक्यात जो माणूस स्वतः उभा राहिला, त्यानंच हाताला न लागणाऱ्या पांढऱ्या पोरीची गोष्ट लिहिली. मूळ कल्पना शार्ल नोदिएच्या 'त्रिल्बी' कथेतून घेतली, असं सांगतात, आणि ते खरं आहे. पण नोदिएच्या कथेत माणसाच्या प्रेमात पडतो तो पुरुष पिशाच्च. नूरीनं त्याची बाई केली. का केली? माझ्या मते, मठाच्या दृश्यात प्रेक्षागृहाचा श्वास कुठे अडकतो ते त्यानं रंगमंचावरून पाहिलं होतं. लिखित पुरावा मागाल तर माझ्याकडे फक्त तारखा आणि नावं आहेत. मला तेवढी पुरतात.

नूरी आणि ताल्योनी या जोडीचा एक आधीचा धागाही आहे. 1830 साली 'ल दिय ए ला बायादेर' या ऑपेरात ताल्योनी हिंदुस्थानी नर्तकी होती आणि माणसाच्या वेषात आलेला देव होता नूरी. 'बायादेर' हा शब्द फ्रेंचांनी पोर्तुगीजांच्या 'बायलादेइरा'वरून उचलला. गोव्यातल्या देवळांतल्या नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज हेच म्हणत. पुढे 1838 साली पुदुच्चेरीजवळच्या देवदासी खरोखरच पॅरिसला गेल्या. त्यांच्यातल्या अमनीवर कवी तेओफिल गोतिए भाळला. पण तीनच वर्षांनी त्याच गोतिएनं 'जिझेल' या बॅलेची कथा रचली, तेव्हा दुसऱ्या अंकात पुन्हा मेलेल्या मुली आणि पुन्हा पांढरी गॉझ. 1877 मध्ये नृत्यदिग्दर्शक पेतिपानं पीटर्सबर्गला 'ला बायादेर' हा बॅले बसवला, त्यातली देवदासीही मेल्यावर पांढऱ्या झग्यातच परतली. गॅसच्या उजेडापुढे अमनीच्या रंगांचं काही चाललं नाही.

हा उजेड ऑपेरात आला 1822 साली, 'अलादीन' नावाच्या ऑपेरासाठी. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांपेक्षा गॅस प्रखर, आणि तोटी फिरवून कमीजास्त करता येणारा. त्याच्या मंद झोतात विरळ कापडाचे थर उजेड पितात, कडा विरघळतात, आणि आतली बाई कुठे संपते ते कळेनासं होतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की तो झगा गॅससाठीच होता.

याचा पुरावा नर्तकींनीच दिला, आणि फार महाग दिला. विरळ सूत आणि थराथरांत कोंडलेली हवा, यांना एक ठिणगी पुरते. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये 1844 साली क्लारा वेब्स्टर भर प्रयोगात पेटली आणि तीन दिवसांनी गेली. उपाय माहीत नव्हता असंही नाही. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसाकनं अमोनियाच्या क्षारांत बुडवलेलं कापड भडकत नाही हे 1821 सालीच दाखवलं होतं. 1859च्या फर्मानानं पॅरिसच्या रंगमंचावर असं कापड सक्तीचंही झालं. पण त्या पाण्यातून निघालेला झगा ताठर व्हायचा, मळकट दिसायचा. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिनं 1860 साली लेखी कळवलं, की आपण आपला नेहमीचाच झगा घालू, जे होईल त्याची जबाबदारी आपली. 15 नोव्हेंबर 1862 रोजी रंगीत तालमीत विंगेतल्या गॅसबत्तीनं तिचा घोळ धरला. आठ महिने यातना सोसून ती वयाच्या विसाव्या वर्षी वारली. त्या अपघाताच्या दोनच वर्षं आधी, 1860 साली, ताल्योनीनं तिच्यासाठी बसवलेल्या 'ल पापियाँ'मध्ये तिनं मशालीकडे ओढलं जाऊन पंख जाळून घेणारं फुलपाखरू रंगवलं होतं.

लिव्रीच्या हट्टाला वेडेपणा म्हणणं सोपं आहे. मला त्यात कारागिराचा हिशेब दिसतो. मळकट कापडावर तो उजेड बसत नाही, आणि उजेड बसला नाही तर त्या झग्याला अर्थच उरत नाही, हे तिला कुठल्याही इतिहासकारापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून बापाच्या रकान्यात मी लामीचं नाव खोडतो. घाट नाचघराचा, कापड मलमलीच्या वेडाचं आणि यंत्राचं. पण भूत नूरीनं पाहिलेलं आणि गॅसनं घडवलेलं. आजही 'जिझेल'चा दुसरा अंक लागतो तेव्हा दिवेवाला आधी विजेचे दिवे मंद निळे करतो. तेवढं केलं नाही, तर समोर उरतात नाचाच्या मेजवानीला निघालेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुली.