बोरीबंदरच्या हिशेबात कुर्डुवाडी

मुंबईच्या फोर्ट भागातल्या भव्य इमारतींचा इतिहास लिहिताना आपण वास्तुरचनाकारांची नावे घेतो, शैली समजावून सांगतो आणि देणगीदारांचे गुण गातो. ते सगळे खरे असले तरी अर्धेच आहे. या दगडी वैभवातला मोठा पैसा घाटावरून रुळांवरून खाली उतरला, आणि तो कसा उतरला हे पाहायचे तर सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला यावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) 1859 मध्ये इथवर पोहोचली, तेव्हा स्थानकाचे नाव पडले ‘बार्शी रोड’. बार्शीची पेठ इथून सुमारे 35 किलोमीटर दूर. कंपनीची नजर होती ती त्या पेठेतल्या मालावर, कापूस आणि गळिताच्या धान्यावर.

पुढचा काळ या कापसाला सोन्याचा भाव देणारा ठरला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. एप्रिल 1863 मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि बार्शी रोडला चढवलेली गाठ सलग मुंबईपर्यंत जाऊ लागली. त्याच सुमारास किल्ल्याची तटबंदी पाडली जात होती. जिथे पूर्वी कापसाच्या गाठींचे ढीग पडत, त्या बॉम्बे ग्रीनवर एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आकार घेत होते. कापसाच्या व्यापारात आणि सट्ट्यात वर आलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशातून 280 फुटी राजाबाई टॉवर बांधला गेला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. मनोरा मात्र 1878 मध्ये पुरा झाला. शेतकऱ्याच्या हाती त्या तेजीचे असे काहीच टिकून राहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, वऱ्हाड आणि खानदेशच्या कापसापुढे बार्शीचा कापूस तो किती? शिवाय अफूचा व्यापार होता, गिरण्या होत्या, विलायती भांडवल होते. पहिला मुद्दा मान्य आहे. बार्शी रोड हे अनेकांतले एक स्थानक, पण वऱ्हाडातल्या स्थानकांची गोष्टही हीच आहे. विलायती भांडवलाचा मुद्दा मात्र मुळातून तपासायला हवा. 1849 च्या करारानुसार जीआयपीच्या भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी होती. उत्पन्न कमी पडले की तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई, आणि त्या महसुलाचा सर्वांत मोठा भाग शेतसाऱ्याचा. म्हणजे धोका कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा आणि लाभांश लंडनचा. 1876-77 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. लगेच 1878 मध्ये बोरीबंदरला जीआयपीच्या मुख्यालयाचे काम सुरू झाले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या त्या इमारतीवर शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मूर्ती बसवल्या आहेत. शेतीला तिथे स्थान मिळाले ते शोभेसाठी, पण हिशेबानेही तिचा तो हक्कच होता.

रेल्वेने कुर्डुवाडीला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे शहर रेल्वेनेच घडवले. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे आणली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांची सोय झाली, रेल्वेचा कारखाना उभा राहिला, पिढ्यान्‌पिढ्यांना रोजगार मिळाला. पण दोन गेज जिथे भेटत, तिथे काय घडे तेही पाहावे. लहान डब्यातली गाठ हमालाने पाठीवर घ्यायची, फलाट ओलांडून साडेपाच फुटी रुळांवरच्या मोठ्या वाघिणीत टाकायची. त्याला मिळे ती चढउताराची मजुरी. मालाचा भाव, दलाली, विमा, जहाजाचे भाडे हे सारे मुंबईला आणि त्याही पलीकडे ठरे. फोर्टमध्ये बँका आणि विमा कंपन्यांच्या इमारती का उभ्या राहिल्या आणि कुर्डुवाडीत का नाही, याचे उत्तर या वाटणीत आहे.

बोरीबंदरची इमारत 2004 मध्ये जागतिक वारसा ठरली. कुर्डुवाडीच्या अरुंद रुळांची जागा आता रुंद रुळांनी घेतली आहे. बार्शी लाइटचे जे कागद, यंत्रे आणि वास्तू उरल्या असतील, त्या त्याच वारशाचा भाग मानून रेल्वेने आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आत्ताच नोंदवून घ्याव्यात.