अंगठीशोध, धातुशोधकाने

माती, वाळू किंवा उथळ पाण्यात हरवलेली अंगठी मेटल डिटेक्टरने हुडकण्याची पद्धत. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला, की अंगठीत भोवरा-प्रवाह उमटतात आणि यंत्र आवाज देते. याच प्रवर्तनाच्या तत्त्वावर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधून पाहिली. ती सापडली नाही.

अकोल्याच्या काळ्या मातीत हे काम चिकाटीचे. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या मातीतले लोहखनिजाचे कण खोटी खूण देतात, म्हणून यंत्र आधी त्या जमिनीशी जुळवून घ्यावे लागते. सोन्याची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला चंदेरी कागद यांचा आवाज जवळपास सारखाच. खुरप्याने हलकेच उकरल्याशिवाय खात्री पटत नाही.

यंत्राविना अशीच सोन्याची शोधाशोध झारेकरी करतात: सराफ्यातली धूळ पाण्यात धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणे.