शिष्यवृत्तीचा इतिहास : भीक नव्हे, हक्क



स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे विहार समितीने सांगितले. मी काही मोठा लेखक नाही. गिरणीतला कामगार आहे. जे वाचलं आणि जे भोगलं, तेच मांडतो.

आपल्या वस्तीत आज इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, वकील आहेत. त्यामागे आईबापांचा घाम आहे, तशी शिष्यवृत्तीही आहे. ती आली कुठून, असे पोरांना विचारले तर म्हणतात, सरकारने दिली. बाबांनो, सरकार आपणहून काही देत नसते. म्हणून हा इतिहास माहीत पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजीबाबांना झेपेना, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेला धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी, असा लेखी करार झाला. म्हणजे ती भीक नव्हती. समाजाला परतफेड करायची, ही अट त्यात होती.

पुढची गोष्ट मात्र आपण पोरांना सांगत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. पदवी होती, पण जात आडवी आली. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसाचे शिक्षण पैशापायी तीन वर्षे अडले! मग आपल्या पोरांचे काय?

ही कळ बाबासाहेब विसरले नाहीत. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवले. उच्च शिक्षणासाठी पैसा द्या, ही त्यातली ठळक मागणी. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आपली ‘जी.ओ.आय.’, भारत सरकारची शिष्यवृत्ती. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले, आणि तिथल्या सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांनाही शिकता आले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि नवीच अडचण उभी राहिली. कायद्याने अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना लागू नव्हत्या. धर्म बदलला म्हणून घरातली गरिबी एका रात्रीत जाते का? आपल्या माणसांनी मागणी लावून धरली. १९६० साली महाराष्ट्र सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने मात्र दाद दिली नाही. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू झाला, त्यात जमिनीबरोबर हीही मागणी होती. शेवटी १९९० साली कायदा बदलला. म्हणजे चौतीस वर्षे लागली. आपल्या दाखल्यावरच्या एका ओळीची किंमत एवढी आहे.

आता माझ्यापुरते सांगतो. १९८२ च्या संपात घरात चूल पेटायची मारामार. मी १९८४ साली दहावी झालो, कॉलेजात नाव घातले. तिथला क्लार्क म्हणाला, “आधी फी भर, स्कॉलरशिप आली की परत मिळेल.” आईने डोरलं गहाण ठेवायला काढलं, मी नको म्हणालो. पुढं गिरणीत बदलीवर लागलो. स्कॉलरशिप कायद्यात होती, वेळेवर हातात नव्हती. उपाशी माणसाला जेवण उद्या देतो म्हणण्यासारखं ते झालं.

पुढे बरेच बदलले. हॉस्टेल न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये ठरले. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरवला. तरीही दाखला नाही, बँकेचे खाते जोडलेले नाही, तारीख निघून गेली, म्हणून पोरं अडतात.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर दर रविवारी वंदना झाली की विहारातच फॉर्म भरून द्यावेत. शिकलेल्या पोरांनी पाळी लावून बसावे. आणि पहिल्या फीसाठी छोटा निधी ठेवावा. शिष्यवृत्ती आली की पैसे परत, म्हणजे दुसऱ्याच्या कामी येतील. ज्यांना शिष्यवृत्तीने नोकरी दिली, त्यांनी पहिली वर्गणी द्यावी. सयाजीरावांच्या करारात परतफेडीची अट लिहिलेली होती. आपल्या करारात ती लिहिलेली नाही, पण आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!