शेंडेखुडणीचा आचार

अकबराच्या अखेरच्या काळात वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार असलेले, आणि त्याहीपूर्वी पूर्वजांचे गाव म्हणून ज्याच्यासाठी बुऱ्हाण निजामशहाने इमादशाहीशी वैर पत्करले, त्या पाथरीचा इतिहास सांगणारे बहुधा सुभे, परगणे आणि महसूल यांतच रमतात. परंतु गोदाकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीचा हरभरा पेरणाऱ्या रयतेचा एक जुना आचार मला त्या राजकारणाइतकाच मोलाचा वाटतो.

हरभरा वीतभर झाला, की फुलोऱ्यापूर्वी बायका ओळीने फिरून कोवळे शेंडे खुडतात. लसूण-मिरचीची फोडणी देऊन त्यांची आंबूस भाजी होते, उरलेला पाला उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवतात, आणि शेतातले झाड उंचीचा हव्यास सोडून चहूबाजूंनी फांद्या फोडते. घाटे लागायचे ते या फांद्यांनाच.

याचे कारण युरोपातील शास्त्रज्ञांना फार सावकाश उमगले. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली गवताच्या अंकुराच्या टोकावर टोपी घालून दाखवले, की प्रकाशाची जाणीव टोकाला होते आणि वाकण्याची क्रिया मात्र खाली घडते. म्हणजे टोकाकडून काही आज्ञा खाली जात असली पाहिजे. ती आज्ञा वाहणारे द्रव्य, म्हणजेच ऑक्झिन, फ्रिट्स वेंट यांनी 1928 पर्यंत अगारच्या तुकड्यात उतरवून घेतले. पुढे 1933 साली थिमन आणि स्कूग यांनी हरभऱ्याच्याच शिंबी कुळातील बाकल्याचा शेंडा कापून त्या जखमेवर हे द्रव्य लावले, तेव्हा पानांच्या बगलेतील डोळे, शेंडा जागेवर असावा तसे, निद्रिस्तच राहिले. शेंडा खुडणारी बाई नेमका हाच प्रवाह तोडते, हे ध्यानी आल्यावर त्या प्रयोगाविषयीचा आणि तिच्या हाताविषयीचा आदर एकदमच वाढतो.

खोडाच्या लांबीचा दुसरा कारभारी जिबरेलिन. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 साली भाताची रोपे भलतीच उंच करणाऱ्या बुरशीच्या रसात त्याचा माग काढला. जायकवाडीच्या पाण्यावर कपाशी माजू लागली, की आजचे कास्तकार जी वाढरोधक औषधे फवारतात, ती झाडातील या जिबरेलिनची निर्मितीच रोखतात. खुडणीचा मार्ग निराळा, आणि तिला वेळेचे बंधन कडक. कळी दिसू लागली, की जाणत्या बायका हरभऱ्याला हात लावीत नाहीत, कारण जमिनीतली ओल तोवर उतरणीस लागलेली असते आणि नव्या फांद्या पोसून त्यांवर घाटे भरण्याइतके दिवस पिकापाशी उरलेले नसतात.