डॉबीचा पगार कुठे गेला?

हॅरी पॉटरच्या चित्रपटांतला डॉबी म्हटले की बहुतेकांना त्याचे मरण आठवते. 2010 च्या ‘डेथली हॅलोज’च्या पहिल्या भागात तो हॅरीला वाचवतो, खंजीर लागून समुद्रकिनारी मरतो आणि थिएटर रडते. आम्हीही रडलो, नाकारत नाही. पण डॉबी नायक ठरतो तो कुणासाठी तरी जीव दिला म्हणूनच का?

डॉबी हाउस-एल्फ आहे. म्हणजे जादूगाराच्या घरात पिढ्यानपिढ्या बिनपगारी राबणारा गुलाम. मालकाने कपडा दिला तरच सुटका. 1998 च्या दुसऱ्या पुस्तकात आणि 2002 च्या चित्रपटात हॅरीच्या युक्तीने त्याच्या हाती मोजा पडतो, तो मॅलफॉयच्या घरातून सुटतो. इथपर्यंत पुस्तक आणि पडदा सोबत चालतात.

2000 साली आलेल्या चौथ्या पुस्तकात जे. के. रोलिंग पुढचा प्रश्न घेतात : सुटलेला गुलाम खाणार काय? डॉबी दोन वर्षे काम शोधत फिरतो. पगार मागतो म्हणून कुणी ठेवत नाही. शेवटी हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात आठवड्याला 1 गॅलियन आणि महिन्याला 1 सुट्टी यावर काम मिळते. (डम्बलडोर 10 गॅलियन द्यायला तयार होते, यानेच कमी करून घेतले! गुलामीची सवय एका मोज्याने जात नाही.) पगाराचे नाव काढताच सोबतचे एल्फ त्याच्यापासून दूर सरकतात. आपल्याच माणसांत एकटा पडूनही तो मागे हटत नाही. त्याचे शौर्य आम्हाला इथे दिसते. याच पगारातून लोकर आणून तो हॅरीसाठी मोजे विणतो.

त्याच पुस्तकात हर्मायनी एल्फांसाठी संघटना काढते. मागण्या काय? वेतन, कामाच्या रास्त अटी आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्यातच त्यांचे प्रतिनिधित्व. रोलिंग तिची थट्टाही करतात, बाकीचे एल्फ गुलामीत सुखी दाखवतात. हा पुस्तकाचा दोष आहेच. तरी प्रश्न निदान छापला गेला.

2005 च्या चित्रपटात संघटना नाही आणि डॉबीही नाही. पाण्याखाली श्वास घेऊ देणारी वनस्पती पुस्तकात डॉबी हॅरीला आणून देतो, पडद्यावर ते श्रेय नेव्हिलला मिळते. 2002 नंतर डॉबी थेट 2010 मध्ये दिसतो आणि त्याच चित्रपटात मरतो. जाड पुस्तक कापावे लागते, मान्य. पण कात्री नेमकी पगारावरच का चालावी? शेवटच्या लढाईत क्रीचरच्या मागे स्वयंपाकघरातले एल्फ सुऱ्या घेऊन शत्रूवर तुटून पडतात. 2011 च्या चित्रपटात तेही गायब.

डॉबीच्या मरणाचे चित्रीकरण वेल्समधल्या फ्रेशवॉटर वेस्ट किनाऱ्यावर झाले. चाहत्यांनी तिथे त्याचे स्मारक उभारले. दगड रचतात, मोजे ठेवतात. 2022 मध्ये नॅशनल ट्रस्टने स्मारक राहू दिले, पर्यावरणासाठी मोजे मात्र ठेवू नका अशी विनंती केली. ठेवणाऱ्यांच्या मनात मालकाकडून हाती पडलेला तो पहिला मोजा असतो. स्वतःच्या पगारातून विणलेले मोजे पडद्यावर कधी आलेच नाहीत.