खाणीतलं मूल

खाण कशी असते हे उलव्याच्या मुलांना चित्र काढून दाखवावं लागत नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी इथली 92 मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठून दुसरीकडे वसली. सुरुंग उडाला की मांडणीवरचे डबे थरथरायचे, हे मोठ्या मुलांना अजून आठवतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगते. ‘बाई, सोन्याच्या खाणीची सांगा,’ ही त्यांची कायमची मागणी. त्यांना भुयार हवं, पहाऱ्यावर नाग हवा आणि दोन हजार वर्षं मागे नेणारा दरवाजा हवा. हे सगळं मी देते. खाण मात्र खरी घेते, हट्टीची.

हट्टी रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात आहे. 1956 पर्यंत हा मुलूख औरंगाबाद, बीड, नांदेडसारखाच हैदराबाद राज्यात होता. तिथे आजही सोनं निघतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कंपनीने खाण उघडली, तेव्हा खाली जुन्या काळच्या माणसांचं खोदकाम आधीच होऊन गेलेलं होतं. जुने खणकर सुमारे 640 फूट खोल पोचले होते. त्या कामात सापडलेल्या लाकडाची कार्बन तपासणी आपल्याला साधारण दोन हजार वर्षं मागे नेते. सुरुंगाची दारू तेव्हा कुठली? खडकाला लाकडं भिडवून रचायची, जाळ करायचा, दगड लालबुंद तापला की पाणी मारायचं. दगड तडकला की छिन्नी-हातोड्याने ढलप्या काढायच्या आणि वर न्यायच्या. वर खडकातच वाटीसारखे खळगे केलेले असत. त्यांत दगड कुटायचा, मग वाटून पीठ करायचं आणि ते पाण्यात धुऊन सोन्याचे कण वेगळे करायचे. हा शेवटचा भाग मी झारेकऱ्यावरून समजावते. सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन तो घमेल्यात पाणी घेऊन हलकेच फिरवतो. माती वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. हे कळलं की मुलं खाणीच्या तोंडाशी उभी राहतात.

मग मी त्यांना मस्कीला नेते. हट्टीच्याच टापूत 1915 साली सी. बीडन नावाचा खाण अभियंता सोनं शोधत फिरत होता. त्याला एका खडकावर कोरलेली अक्षरं दिसली. ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने 1837 मध्येच उलगडली होती, पण तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला ‘देवानांपिय पियदसि’ म्हणवत होता. आपल्या सोपाऱ्याला 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळालेल्या तुकड्यावरही राजाचं नाव नाही. हा राजा अशोकच असावा, असं श्रीलंकेच्या बौद्ध ग्रंथांवरून अभ्यासक म्हणत होते. मस्कीच्या खडकावर ‘अशोक’ हे नाव उघड कोरलेलं निघालं आणि शंका मिटली. ब्रह्मगिरीच्या लेखात अशोकाच्या दक्षिणेकडच्या ठाण्याचं नावही येतं: सुवर्णगिरी. काळाचा दरवाजा मला वेगळा रचावाच लागत नाही, तो बीडनच्या खडकातच आहे.

इथवर मुलं खूश असतात. पुढचं सांगताना मी आवाज खाली आणत नाही आणि काही गाळतही नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अगाथार्किदीस या ग्रीक लेखकाने इजिप्तच्या सोन्याच्या खाणींचं वर्णन केलं. ते डायोडोरसच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलं. त्यात आहे, की वयात न आलेली पोरं भुयारांत शिरून फोडलेले तुकडे गोळा करत आणि बाहेर आणून टाकत. जात्यावर बायका आणि म्हातारी माणसं असत. म्हणजे आपल्या साहसकथेतलं खाणीत उतरणारं मूल कल्पनेतून आलेलं नाही. ते आधीच आत होतं, फक्त त्याच्या हातात नकाशा नव्हता आणि त्याचं नाव कुठल्या खडकावर कोरलेलं नाही.

आपल्याकडे 1952 चा खाण कायदा आणि त्यातली 1983 ची दुरुस्ती यांमुळे, प्रशिक्षणार्थी सोडले तर, 18 वर्षांखालच्या कुणालाही खाणीत कामाला लावायला बंदी आली. हा कायदा मी मुलांना सांगते, कारण दगडखाणीवरची मुलं माझ्या वर्गात होती. आई-बाप खडी फोडायचे, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत यायची. खाणीवरचं काम आटोपलं की कुटुंब दुसऱ्या खाणीवर जायचं आणि हजेरीपटावर त्या नावापुढे शेवटपर्यंत गैरहजेरी लागायची. पुण्याजवळ वाघोलीला ‘संतुलन’ संस्थेने अशा मुलांसाठी खाणीवरच पाषाणशाळा भरवल्या. शाळाच मुलांकडे गेली. असं प्रत्येक खाणीवर झालं असतं, तर माझ्या हजेरीपटावरची ती नावं मधेच तुटली नसती.

म्हणून मुलांसाठी ऐतिहासिक साहसकथा लिहिणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. नाग ठेवा, जादूचा दरवाजा ठेवा, राजाची मोहोरही ठेवा. पण भुयारात आधीपासून असलेल्या पोराला नाव द्या, बोलायला वाक्यं द्या. तापलेल्या खडकापाशी धुराने त्याचे डोळे कसे चुरचुरत असतील, ते लिहा. आपल्या नायकाने सोनं घेऊन एकट्याने बाहेर येऊ नये. उलव्यातली मुलं ही गोष्ट पेलतात, हे मी पाहिलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न सोन्याबद्दल असतो, दुसरा नेहमी त्या पोराबद्दल असतो: तो शाळेत कधी जायचा?